‘शोले’ला एकच फिल्मफेअर मिळालं, तेही संकलनाचं, ते मिळवणारे एम. एस. शिंदे कोण होते?

‘शोले’ कोणाचा, असं विचारलं तर उत्तरं पटापट येतात. कोणी अमिताभ-धर्मेंद्रचं नाव घेतं, कोणी गब्बरचं, कोणी सलीम-जावेदचं. थोडा जाणकार माणूस दिग्दर्शक रमेश सिप्पी, संगीतकार आर. डी. बर्मन आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांची नावं घेतो.

फिल्मफेअरच्या परीक्षकांनी मात्र वेगळंच नाव निवडलं होतं.

१९७५ च्या चित्रपटांसाठी झालेल्या फिल्मफेअर सोहळ्यात ‘शोले’ला नऊ नामांकनं होती. त्या वर्षी बाजी मारली ‘दीवार’ने. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद असे मोठे पुरस्कार तिकडे गेले. ‘शोले’च्या वाट्याला फक्त एक बाहुली आली, सर्वोत्कृष्ट संकलनाची. ती घेणाऱ्या माणसाचं नाव होतं माधवराव शिंदे. पडद्यावर त्यांचं नाव यायचं ‘एम. एस. शिंदे’.

हेच शिंदे २८ सप्टेंबर २०१२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. अखेरच्या दिवसांत ते धारावीतल्या एका खोलीच्या घरात मुलीसोबत राहत होते. भारतातल्या सर्वाधिक गाजलेल्या चित्रपटाला आकार देणारा माणूस कुठल्या परिस्थितीत राहतोय, हे बहुतेकांना वर्तमानपत्रातल्या बातम्यांमधून कळलं.

संकलक नेमकं काय करतो, ‘शोले’त शिंदे यांनी काय केलं आणि एवढ्या मोठ्या यशाचा वाटा त्यांच्यापर्यंत का पोहोचला नाही, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात पनवेलपासून करावी लागते.

पनवेलजवळची सात आठवड्यांची लढाई

‘शोले’ म्हटलं की कर्नाटकातलं रामनगर आठवतं. ते मोठमोठे खडक, गब्बरचा अड्डा, ठाकूरची हवेली, सगळं तिथलं. पण चित्रपटातला पहिला मोठा थरार, म्हणजे मालगाडीवरचा दरोडा, महाराष्ट्रात चित्रित झाला. तो पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर घेतला गेला आणि त्यासाठी सुमारे सात आठवडे लागले.

आज पनवेल म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन आणि एक्स्प्रेसवेची सुरुवात. १९७० च्या दशकात हा भाग बराच मोकळा होता. मुंबईपासून जवळ, आजूबाजूला डोंगर आणि माळरान, गाड्यांची वर्दळ कमी. चित्रपटवाल्यांना असा मार्ग सोयीचा असतो. पुढे पनवेलजवळचंच आपटा स्थानक ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटच्या प्रसंगामुळे देशभर ओळखीचं झालं.

दरोड्याचा प्रसंग आठवून पाहा. इन्स्पेक्टर बलदेवसिंग जय आणि वीरूला बेड्या घालून मालगाडीतून घेऊन चाललाय. डाकू घोड्यांवरून गाडीचा पाठलाग करतात. गोळीबार सुरू होतो. वीरू इंजिनात कोळसा टाकतोय, जय डब्यांवरून गोळ्या झाडतोय. पुढे रुळांवर ओंडक्यांचा अडथळा रचलेला आहे आणि गाडी तो उडवून निघून जाते. पडद्यावर हे सगळं काही मिनिटांत संपतं.

प्रत्यक्षात ही मिनिटं सात आठवड्यांतल्या वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडून बनली आहेत. एखादा तुकडा सकाळच्या उन्हातला, एखादा दुपारचा. कुठे खरे कलाकार, कुठे त्यांच्या जागी स्टंटमन. साहसदृश्यांसाठी परदेशातून तंत्रज्ञ बोलावले होते. त्यातच दुसरं युनिटही काम करत होतं. अहमदची भूमिका करणारे सचिन पिळगावकर यांनी मुलाखतींमध्ये सांगितलंय की, या दुसऱ्या युनिटवर रमेश सिप्पींचे प्रतिनिधी म्हणून ते स्वतः आणि अमजद खान हजर असायचे.

म्हणजे संकलकाच्या टेबलावर आला तो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोकांनी घेतलेल्या तुकड्यांचा ढीग. त्यातून सलग एक लढाई तयार करायची होती. गाडी एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पुढच्या शॉटमध्ये ती उगाच उलटी जाऊन चालत नाही, नाहीतर गाडी परत फिरली की काय असं प्रेक्षकाला वाटतं. घोडेस्वार, गाडी आणि गोळी झाडणारा हात कुठे आहेत, हे प्रत्येक क्षणी कळलं पाहिजे. धूर, सावल्या, कपडे जुळले पाहिजेत. आणि एवढं सांभाळून वेग कमी होता कामा नये.

हे नीट जमलं की कोणाच्या लक्षात येत नाही. जमलं नाही तरच जाणवतं. संकलनाची सगळी गोची इथेच आहे.

तीन लाख फूट म्हणजे किती?

‘शोले’साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म खर्ची पडली, असं सांगितलं जातं. शिंदे यांनी ती आधी वीस हजार फुटांवर आणली आणि सेन्सॉरकडे गेली ती अठरा हजार फुटांच्या आसपास.

हे आकडे मिनिटांत मांडले की त्यांचा अर्थ कळतो. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं, म्हणजे फ्रेम असतात. पडद्यावर दर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. या हिशेबाने तीन लाख फूट म्हणजे साधारण ५५ तासांचं चित्रण झालं. अठरा हजार फूट म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं.

थोडक्यात, चित्रित झालेल्या दर शंभर फुटांपैकी सहा फूट प्रेक्षकांना दिसले आणि ९४ फूट बाजूला गेले. बाजूला गेलेलं सगळं टाकाऊ नव्हतं. एकाच संवादाचे पाच टेक असतात, तोच प्रसंग तीन कोनांतून घेतलेला असतो. त्यातला कुठला टेक घ्यायचा, तो कुठल्या फ्रेमवर सुरू करायचा आणि कुठल्या फ्रेमवर तोडायचा, याचे हजारो निर्णय संकलन कक्षात होतात. दिग्दर्शक सोबत असतो, शेवटचा शब्दही त्याचा असतो. पण हातात फिल्म धरून बसलेला माणूस संकलक असतो.

अनडू बटण नसलेलं काम

आज रील बनवणारा प्रत्येकजण थोडाफार संकलक आहे. मोबाइलवर क्लिप कापली, नको वाटली तर अनडू केलं, गाणं बदललं, पुन्हा अपलोड केलं.

शिंदे यांच्या काळात कापणं म्हणजे खरोखरच कापणं होतं. दिवसभरात चित्रित झालेल्या फिल्मची लॅबमध्ये एक प्रिंट निघायची, तिला रशेस म्हणतात. हे रशेस मूव्हिओला नावाच्या यंत्रावर चालवून पाहायचे. यंत्राला पायाने चालवायचं पेडल आणि पाहायला छोटासा पडदा. जिथे तोडायचं तिथे चित्रांवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, पट्टी कापायची, दुसऱ्या पट्टीला जोडायची आणि पुन्हा चालवून पाहायची. आवाजाची पट्टी वेगळी, तीही सोबत तेवढीच कापायची. एक फ्रेम इकडे तिकडे झाली तरी ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

उरलेले तुकडे फेकून चालत नव्हतं. उद्या दिग्दर्शक म्हणाला, ‘तो दुसऱ्या टेकमधला लूक बघू’, तर तो हातभर तुकडा शोधून काढावा लागे. म्हणून प्रत्येक तुकड्यावर नोंद, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. सहायकांचा निम्मा दिवस याच कामात जायचा. सगळं ठरलं की फिल्मच्या कडेवरचे क्रमांक जुळवत मूळ निगेटिव्ह कापली जायची. तिथे चूक झाली तर ती भरून निघणं अवघड.

५५ तासांचं चित्रण या पद्धतीने सांभाळायचं, हे नुसतं चांगल्या नजरेचं काम नव्हतं. त्याला कारकुनाची शिस्त आणि सुताराचा हात लागायचा.

‘शोले’त हिंसा दिसते तरी कुठे?

आता शिंदे यांच्या कामाच्या गाभ्याकडे येऊ. ‘शोले’ हा हिंसक चित्रपट म्हणून ओळखला जातो. गब्बरचं नाव काढलं की लहान मुलं झोपतात, एवढी त्याची दहशत. पण चित्रपट पुन्हा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. गब्बरची सर्वांत क्रूर कृत्यं पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. ती दोन शॉटच्या मधल्या सांध्यात घडतात.

पहिलं उदाहरण अहमदचं. गावातला हा तरुण मुलगा डाकूंच्या हाती सापडतो. गब्बर आडवा पडलाय, त्याच्या हातावर एक मुंगी चढतेय. मुलगा रामगढचा आहे हे त्याला कळतं. तो मुंगीकडे बघतो आणि तिला चिरडतो. पुढच्याच शॉटमध्ये घोडा गावात येतो, त्याच्यावर अहमदचं प्रेत. मुलाला कसं मारलं हे दाखवलेलं नाही. खरंतर ते चित्रित झालं होतं. या छोट्या प्रसंगासाठी १९ दिवस लागले होते. सेन्सॉरच्या आक्षेपांमुळे हत्येचा भाग गेला आणि उरली फक्त मुंगी. आज तो प्रसंग मुंगीमुळेच लक्षात राहिलाय.

दुसरं उदाहरण ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाचं. घरातली माणसं एकेक करून पडतात आणि कोसळता कोसळता चित्र गोठतं. झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. शेवटी गब्बरसमोर एक लहान मूल उभं आहे. तो बंदूक रोखतो. गोळी सुटते आणि पडद्यावर येते रेल्वेगाडी, जिच्यातून ठाकूर सुट्टीवर घरी येतोय. मुलाला गोळी लागताना दिसत नाही. त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घरी काय वाट पाहतंय हे ठाऊक नाही, प्रेक्षकाला ठाऊक आहे. एका कटने दोन्ही कामं केली.

तिसरं उदाहरण ठाकूरच्या हातांचं. गब्बर दोन्ही हातांत तलवारी घेऊन त्या वर उचलतो, खाली आणतो आणि कथा वर्तमानात परतते. ठाकूरच्या अंगावरची शाल खाली पडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. घाव नाही, रक्त नाही. तोपर्यंत ठाकूर बंदूक का उचलत नाही, असा प्रश्न जय-वीरूप्रमाणे प्रेक्षकालाही पडलेला असतो. त्याचं उत्तर शब्दांत न देता एका सांध्यात दिलंय.

या तिन्ही ठिकाणी प्रेक्षकाने जे ‘पाहिलं’ असं त्याला वाटतं, ते त्याने स्वतःच्या मनात तयार केलेलं असतं. ‘शोले’तली दहशत पन्नास वर्षं टिकली यामागचं हे एक मोठं कारण आहे. पडद्यावरचं रक्त काही वर्षांत खोटं वाटायला लागतं. मनात तयार झालेलं दृश्य जुनं होत नाही.

मग सगळं श्रेय संकलकाचं का?

नाही. आणि इथेच संकलकाच्या कामाचं मूल्यमापन अवघड होतं.

रिकाम्या बाह्यांचा धक्का सलीम-जावेद यांच्या कथेतलाच आहे. शॉट कसा घ्यायचा हे सिप्पी आणि दिवेचा यांनी ठरवलं. झोपाळ्याची करकर ध्वनीच्या कामाची. अहमदच्या प्रसंगात तर सेन्सॉरचाही हात होता. यातलं नेमकं काय शिंदे यांनी सुचवलं, हे चित्रपट पाहून कोणीच सांगू शकत नाही.

पण कल्पना कागदावर असणं आणि ती पडद्यावर लागू पडणं यात फरक आहे. तलवारी खाली येण्याचा शॉट अर्धा सेकंद लांबला असता तर प्रेक्षकाला युक्ती कळली असती. अर्धा सेकंद आधी तोडला असता तर काय झालं ते समजलंच नसतं. अर्धा सेकंद म्हणजे १२ फ्रेम, फिल्मवर जेमतेम नऊ इंच. त्या नऊ इंचांचा निर्णय हे संकलकाचं क्षेत्र.

फिल्मफेअरच्या परीक्षकांना हे दिसलं होतं. पुढे २००५ मध्ये त्याच फिल्मफेअरने ‘शोले’ला ‘पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हणून गौरवलं. १९७५ साली ज्याला उत्तम चित्रपट म्हटलं नाही त्याला तीस वर्षांनी डोक्यावर घेतलं. संकलनाच्या बाबतीत मात्र पहिला अंदाजच बरोबर निघाला.

बदललेला शेवट

संकलकाचं काम चित्रीकरण संपल्यावर संपतं असं वाटतं, पण ‘शोले’च्या बाबतीत तसं झालं नाही. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायाखाली तुडवून मारतो. चित्रपट सेन्सॉरपुढे गेला तेव्हा देशात आणीबाणी होती. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं मंडळाला मान्य झालं नाही. १५ ऑगस्ट १९७५ ही प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. नव्या शेवटात पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात.

नवा तुकडा जुन्या मारामारीला असा जोडायचा होता की मध्ये काही बदललंय अशी शंका येऊ नये. कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं तोच शेवट पाहिला आणि त्यातल्या बहुतेकांना कधी शंका आली नाही.

प्रदर्शनानंतरही धाकधूक होती. सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता, समीक्षकही खूश नव्हते. जयला जिवंत ठेवणारा शेवट जोडावा का, अशीही चर्चा झाली होती, असं अमिताभ बच्चन यांनी सांगितलंय. शेवटी काही दिवस थांबायचं ठरलं. त्यानंतर मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये हा चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

‘शोले’च्या पलीकडचे शिंदे

शिंदे म्हणजे फक्त ‘शोले’ नाही. त्यांनी शंभरावर चित्रपट संकलित केल्याचं सांगितलं जातं. सिप्पींसोबत त्यांनी ‘शोले’च्या आधी ‘सीता और गीता’ (१९७२) केला होता. हेमा मालिनीची दुहेरी भूमिका असलेल्या या चित्रपटातही संकलनाची कसोटी होती. जुळ्या बहिणी एकाच घरात आलटून पालटून वावरतात आणि समोर कोण आहे हे प्रेक्षकाला क्षणात कळायला हवं, घरातल्यांना कळता कामा नये.

पुढे ‘शान’ (१९८०) आणि ‘शक्ती’ (१९८२) आले. ‘शक्ती’ची चाल ‘शोले’पेक्षा अगदी वेगळी. दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन समोरासमोर उभे, अर्धी लढाई गप्प बसण्यातली. तिथे संकलकाला पटापट कापण्याचा मोह आवरावा लागतो. नटाने घेतलेला थांबा पूर्ण होऊ द्यावा लागतो. कमाल अमरोही यांचा ‘रझिया सुलतान’ (१९८३) आणि भारत-सोव्हिएत सहनिर्मितीचा ‘सोहनी महिवाल’ (१९८४) हेही त्यांच्या नावावर आहेत. मारधाड, कौटुंबिक, ऐतिहासिक, प्रेमकथा, असे सगळे बाज त्यांनी हाताळले.

हिंदी चित्रपटसृष्टीतल्या संकलन कक्षांत मराठी आणि कोकणी माणसांची मोठी परंपरा आहे. गोव्यातल्या पोंबुर्फ्याचे वामन भोसले हे त्यातलं आणखी एक मोठं नाव. ‘इन्कार’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘आंधी’पासून ‘कर्ज’, ‘सौदागर’पर्यंत अनेक चित्रपट त्यांनी संकलित केले. शिंदे आणि भोसले यांचे चित्रपट घराघरांत पोहोचले, पण ते रस्त्यावरून चालत गेले असते तर कोणी मान वळवून पाहिलं नसतं.

एवढा चालला, मग संकलकाला काय मिळालं?

‘शोले’ पन्नास वर्षं विकला जातोय. थिएटर, संवादांच्या रेकॉर्ड, व्हिडिओ कॅसेट, टीव्ही, डीव्हीडी, मोबाइल. दर वेळी कोणीतरी पैसे मोजले. त्यातला वाटा संकलकाला का मिळत नाही?

याचं उत्तर कायद्यात आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. बाकी मंडळी ठरलेल्या मोबदल्यात काम करतात. काम झालं, पैसे मिळाले, हिशेब संपला. चित्रपट आठवडाभर चालो की पाच वर्षं, त्या मोबदल्यात फरक पडत नाही.

२०१२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर बरीच खटपट केली होती. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना आणि संगीतकारांना, थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. हा हक्क करारात लिहून देऊन सोडताही येत नाही. दुरुस्ती लागू झाली २१ जून २०१२ रोजी.

त्यानंतर तीन महिन्यांनी शिंदे गेले. पण ते आणखी दहा वर्षं जगले असते तरी या दुरुस्तीचा त्यांना उपयोग नव्हता. कारण लेखन आणि संगीत ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र ‘कृती’ आहेत. गाणं चित्रपटाबाहेर वाजू शकतं, पटकथा छापता येते. संकलन चित्रपटातून वेगळं काढून दाखवता येत नाही. जे वेगळं दाखवता येत नाही त्यावर कायद्याने हक्कही मानलेला नाही.

म्हणजे कामाचं यश आणि कामगाराचं नुकसान एकाच गोष्टीतून येतं. सांधा जितका बेमालूम, तितका तो करणारा माणूस अदृश्य.

दुसरीकडे वेगळी पद्धत आहे का?

हॉलिवूडमध्येही संकलकाच्या हातात थेट रॉयल्टी पडत नाही. पण तिथल्या कामगार संघटनांच्या करारांनुसार, चित्रपट थिएटरनंतर टीव्हीवर किंवा इतर माध्यमांत विकला गेला की त्या कमाईचा ठरावीक भाग निर्मात्याला संघटनेच्या पेन्शन आणि आरोग्य योजनांमध्ये भरावा लागतो. म्हणजे एखाद्या संकलकाचा चित्रपट गाजला म्हणून तो श्रीमंत होत नाही, पण म्हातारपणी त्याच्यासह सगळ्यांच्या औषधपाण्याची आणि पेन्शनची सोय होते.

भारतात संकलकांची संघटना आहे. केंद्र सरकारने १९८१ मध्ये सिने-कामगारांसाठी लेखी करार आणि कल्याण निधीचे कायदेही केले. पण ‘जुना चित्रपट पुन्हा विकला की त्याच्या तंत्रज्ञांच्या पेन्शनमध्ये भर’, असा थेट दुवा आपल्याकडे नाही. त्यामुळे एखादा ज्येष्ठ तंत्रज्ञ अडचणीत आल्याची बातमी येते, चार दिवस चर्चा होते, कोणी मदत करतं आणि विषय मागे पडतो. मदत आणि हक्क यातला फरक म्हातारपणी कळतो. मदत मागावी लागते.

पन्नास वर्षांनी परत आलेला ‘शोले’

२०२५ मध्ये ‘शोले’ला पन्नास वर्षं झाली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपटाची मूळ, न कापलेली आवृत्ती पुनरुज्जीवित केली. जूनमध्ये ती इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या महोत्सवात दाखवली गेली आणि डिसेंबरमध्ये भारतातल्या थिएटरमध्ये आली. सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट प्रेक्षकांना पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला.

सोशल मीडियावर लगेच वाद रंगला. जुना शेवट भारी की नवा? ठाकूरने गब्बरला मारायला हवं होतं की पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं होतं? दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलं गेलं. दोन्ही शेवट ज्याच्या टेबलावर जोडले गेले, त्याचं नाव या वादात फारसं कोणी घेतलं नाही.

‘शोले’च्या सुरुवातीला रामगढच्या डोंगरदऱ्यांतून घोडे जातात आणि नामावली सरकत राहते. बहुतेकजण त्या वेळी आर. डी. बर्मनचं संगीत ऐकत असतात. त्या नामावलीत एम. एस. शिंदे हे नावही येतं. ते वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मूव्हिओलावरून चार-पाच फूट फिल्म पुढे सरकलेली असते.